न बघता बसवलेली फरशी

मी गवंडी. भिंत ओळंब्यात उभी राहिली की गवंड्याकडे कुणी बघत नाही, आणि तेच चांगलं काम. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण रसायनीला एका साहेबाच्या गच्चीवर फुटक्या लाद्यांची रंगीत फरशी बसवली आणि स्वतःला कलावंत समजू लागलो.

अठ्ठ्याहत्तर साली पोशीरला आमच्या वस्तीत विहार बांधला. फरशीचं काम मी मागून घेतलं. शिळफाट्याहून फुटक्या लाद्यांची पोती आणली. नियम एकच: घमेल्यात हात घालायचा, येईल तो तुकडा न बघता बसवायचा. "यात नक्षी शोधून दाखवा," असं सांगत मी वस्तीभर हिंडलो.

बुद्धपौर्णिमा तोंडावर आली. ठकूआत्या, वस्तीतली सगळ्यांत वडील बाई, फरशी बघायला आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"काय झालं, आत्या?"

"सहदेव, हितं गणपती हाय रं. पाय कुठं ठेवू?"

खरंच होता. लाल तुकड्यांची सोंड, दोन कान, पोटसुद्धा. वस्तीनं छप्पन्न साली देव सोडले आणि मी एक परत आणून थेट विहारात बसवला.

"मी बघितलं नाय गं. हात गेला तसा गेला."

"मंग हाताला इचार."

विचारलं. लाल लादी जाड होती, ती बोटांना न बघता कळायची. आणि लाल रंग मला आवडायचा.

मंडळींनी सांगितलं, पौर्णिमेआधी नीट कर, नाहीतर वर सतरंजी टाकू. माझ्या कामावर सतरंजी! छिन्नी घेऊन सोंड उखडली, दुसरे तुकडे भरले. बायको विमल बादली घेऊन उभी होती.

"आता उंदीर झाला."

कान उखडले.

"आता नुसतं पोट ऱ्हायलं. अवो, तुमी कायपण भरा, बघणारा कायतरी बघणारच. त्यापरीस आपल्या मनानं एक कायतरी काढा."

मग मी मुद्दाम, तुकडा तुकडा निवडून, कडा घासून, भाताची लोंबी काढली. सगळ्या फरशीला पडले नव्हते तेवढे कष्ट त्या हातभर जागेला पडले.

पौर्णिमेला ठकूआत्या सरळ आत आली. वाकून बघितलं.

"बेस केलंस. झाडू चांगला जमलाय."

सतरंजी आली नाही. वंदनेला सगळे फरशीवर बसले. मी लोंबीवर मांडी घातली आणि पायाला मुंग्या आल्या तरी शेवटचा माणूस जाईपर्यंत उठलो नाही.