मावशी मागे बसली

परवा गादी भरायला नवा कापूस घरात आला आणि त्याच्या वासाबरोबर मला दर्यापूरजवळची हिवाळ्यातली एक सकाळ आठवली.

साठच्या सुमाराची गोष्ट. शेजारच्या गावातल्या शाळेत मी नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते. आमच्या वस्तीत सायकल चालवणारी मी पहिलीच मुलगी, वडिलांना त्याचं फार कौतुक. पण धुक्यात कापसाच्या बैलबंडीसमोर पडले आणि माझा धीरच गेला. घरासमोरून कशीबशी सायकलवर निघायचे, वळणापलीकडे उतरायचे आणि शाळेपर्यंत सायकल हातात धरून चालायचे.

त्या दिवशी कापूस वेचायला निघालेल्या शेजारच्या वत्सलामावशीनं मला गाठलं.

"काहून वं पोरी, पायीच?"

"पंक्चर झाली, मावशी."

तिनं अंगठ्यानं चाक दाबून पाहिलं. ते टणक होतं. लाजेनं माझी मान वर होईना. ती एवढंच म्हणाली, "मले मांगं बसू दे. पडलो तं दोघी पडू."

तिला मागे बसवून मी पायडल मारलं. हँडल डगमगत होतं, गार वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, पण शाळा येईपर्यंत मी उतरले नाही. मग तिच्याकडे न बघताच आत निघून गेले.

वाटभर माझा पदर धरलेली तिची मूठ थरथरत होती. मला वाटलं, थंडीनं. ती जन्मात पहिल्यांदाच सायकलवर बसली होती, हे आईनं मला सांगितलं, तेही मावशी वारल्यानंतर.