पेटी फक्त मी उघडते

वार्षिक अंकासाठी दरवर्षी माझ्याकडून एकच लेख मागतात: बाल आणि कुमार विभागात आलेली नवी पुस्तकं. मीही निमूट लिहून देते. बारा-पंधरा पुस्तकांची नावं, प्रत्येकाबद्दल दोन ओळी, शेवटी पालकांना विनंती. यंदा तो लेख लिहायला तीनदा बसले. तिन्ही वेळा एका जुन्याच पुस्तकापाशी अडले. त्या पुस्तकाच्या आडून मी एका मुलीशी जे वागले – दोन मुलींशी, खरं तर – ते आजवर कुणापाशी बोलले नाही. घरी नाही. शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसणाऱ्या बाईंपाशीही नाही, आणि त्यांना तर माझ्या डब्यात काय आहे ते वासावरून कळतं.

त्या दोघींना मी इथे ईश्वरी आणि सानिका म्हणेन. ती त्यांची नावं नाहीत. पुस्तकाचं नाव सांगत नाही, त्याचा विषयही थोडा बदलला आहे. एकदा केलं ते पुन्हा नको.

आमच्या ग्रंथालयाची रीत आपल्याला ठाऊक असेल किंवा नसेल. नवी पुस्तकं आम्ही लगेच विकत घेत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकविक्रेत्यांकडून पसंतीसाठी खोकी येतात. पंधरा दिवस ती आमच्याकडे राहतात. त्या पंधरा दिवसांत बालविभागाच्या ग्रंथपालाने, म्हणजे मी, प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक पट्टी चिकटवायची. ‘वाचले. कुमार विभागास योग्य.’ खाली सही. ही पट्टी माझीच कल्पना. तिचं कौतुक झालं. पालक नव्या पालकांना सांगायचे, इथल्या ताई एकही पुस्तक न वाचता फळीवर लावत नाहीत. हे ऐकू यायचं तेव्हा मी काहीतरी आवरत असल्याचं दाखवायची, पण कान तिकडेच असायचे.

सगळी पुस्तकं मी वाचत होते का? नाही. पहिली दोन-तीन वर्षं वाचली. मग मागच्या पुठ्ठ्यावरचा पाठमजकूर, सुरुवातीची दहा पानं, मधलं एखादं प्रकरण. लहान मुलांच्या पुस्तकांत तेवढ्याने भागतं. मोठ्या मुलांच्या नाही भागत. त्यांच्या पुस्तकांत जे असतं ते शेवटाकडे असतं. हे मला माहीत होतं, तरी मी सह्या करत राहिले.

दुसरी कल्पनाही माझीच. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्याला झाकणावर फट पाडून मी चिठ्ठ्यांची पेटी केली होती. मुलांनी नवं पुस्तक वाचावं आणि वाटेल ते लिहून आत टाकावं. मोठ्यांना आवडेल असं काही लिहायची गरज नाही. दर उन्हाळ्यात मी मुलांना गोल बसवून सांगायची – ही पेटी फक्त मी उघडते. आतलं माझ्यापाशीच राहतं. मुलं त्यावर विश्वास ठेवून काय काय लिहायची! एकाने लिहिलं होतं, ‘ताई, तुम्ही सुचवलेलं पुस्तक वाचून मला झोप लागली, धन्यवाद.’

ईश्वरी बिबवेवाडीहून यायची. स्वारगेटपर्यंत बसने, पुढे चालत. आठवीतून नववीत गेलेली, उंच, फार न बोलणारी. सानिका इथलीच, सदाशिव पेठेतली, अखंड बोलणारी. दोघी एका शाळेत, एका बाकावर. खिडकीखालच्या सतरंजीवर पाठीला पाठ लावून वाचायच्या. सानिका हसली की ईश्वरीचं पुस्तक हलायचं आणि ती न वळता म्हणायची, “हल ना जरा शहाण्यासारखी.”

त्या वर्षीच्या खोक्यात एक निळ्या मुखपृष्ठाची कादंबरी होती. एका मुलीची आई घर सोडून जाते, ती मुलगी आणि तिचे वडील मागे राहतात, अशी. मी पाठमजकूर वाचला, दहा पानं वाचली, भाषा आवडली. पट्टी लावली, सही केली.

महिन्याभराने पेटीत ईश्वरीची चिठ्ठी सापडली. वहीचं अख्खं पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, खाली नाव. त्या पुस्तकातल्यासारखंच तिच्या घरी घडलं होतं, आणि शाळेत ते कुणालाही माहीत नव्हतं. इतकंच सांगते. चिठ्ठीतली ओळ इथे उतरवणार नाही. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि माझ्या डायरीत ठेवली. तिला निवांत उत्तर लिहायचं म्हणून. उत्तर लिहिलं नाही.

मग तक्रार आली, आणि ती सानिकाच्या आईने केली. त्या आमच्या आजीव सभासद, बाई सज्जन. आई घर सोडून जाते आणि पुस्तकात कुणी तिला एका शब्दाने दोष देत नाही, हे चौदा वर्षांच्या मुलींच्या हातात कशाला, असं त्यांचं म्हणणं. मत म्हणून त्यात गैर काही नव्हतं. कार्यकारिणीने शनिवारी दुपारी त्यांना आणि मला बोलावलं. चहा झाला. अध्यक्षांनी पुस्तक उलटं केलं, मागचा पुठ्ठा उघडला, पट्टीवर बोट ठेवलं.

“बाई, सही आपलीच ना?”

“हो.”

“छान. मग आम्हाला वाचायचे कष्ट नकोत. सांगा, शेवटी ती आई परत येते की नाही?”

मी काय सांगणार होते? मला माहीतच नव्हतं. दहा पानांत आई जेमतेम दाराबाहेर पडली होती. समोर पाच माणसं आणि सानिकाची आई. अध्यक्ष थांबले, आणि मग तो त्यांचा खास कोरडा स्वर – “का हो? की सहीसाठी पुस्तक उघडावं लागत नाही?”

‘नाही वाचलं’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? ओशाळले असते. आठवडाभर टोमणे ऐकले असते. पंधरा दिवस जागून सगळं वाचावं लागलं असतं. बस्स. नोकरी गेली नसती. हे मला त्या खोलीतही कळत होतं. म्हणून घाबरून सुचलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. मला व्यवस्थित सुचलं. मी डायरी उघडली.

म्हटलं, शेवट काय आहे हा प्रश्नच नाही. मुलांना काय वाटतं ते पाहा. आणि ईश्वरीची चिठ्ठी मोठ्याने वाचायला लागले. चांगली वाचली. गोष्ट सांगायच्या तासाला वाचते तशी, थांबत थांबत. वाचता वाचता मला जाणवलं की समोरच्यांचे चेहरे बदलताहेत, आणि – हे लिहायला सगळ्यात जड जातंय – मला बरं वाटलं. आपण सुटलो असं वाटलं.

नाव मात्र वाचलं नव्हतं. तेवढं भान होतं. पण अध्यक्ष म्हणाले, “अक्षर सुंदर आहे. आपलंच नाही ना?”

मी नाव सांगितलं.

सानिकाच्या आईने डोळ्यांना पदर लावला. “अगंबाई, ती आमच्याकडे येते हो जेवायला,” म्हणाल्या. तक्रार त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतली. पुस्तक राहिलं. पुढच्या सभेत माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला, मुलांचा विश्वास संपादन केल्याबद्दल. तो इतिवृत्तात आहे, कुणालाही काढून पाहता येईल.

सानिकाची आई फोनवर एका मैत्रिणीशी बोलली, हळहळून. त्या मैत्रिणीची मुलगी त्याच वर्गात. आठवड्याच्या आत शाळेत सगळ्यांना कळलं.

ईश्वरी बुधवारी आली. एकटीच. माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि अगदी हळू विचारलं, “ताई, माझी चिठ्ठी तुम्ही कुणाला दाखवली का?”

मी म्हटलं, “नाही गं.”

इतक्या पटकन म्हटलं! चिठ्ठी त्या क्षणी माझ्या कोपराखालच्या डायरीत होती.

तिने एकदा खिडकीखालच्या सतरंजीकडे पाहिलं. मग म्हणाली, “मग सानिकाच. मी लिहीत होते तेव्हा ती शेजारी होती. तिच्याच आईकडून आलंय सगळं.”

इथे थांबायला हवं होतं ना? नुसती गप्प बसले असते तरी आज थोडं कमी लिहावं लागलं असतं. पण मी तिचा हात धरला आणि प्रेमळपणे, अगदी समजूतदार आवाजात म्हणाले, “मुली बोलून जातात गं कधी कधी. मनात काही नसतं.”

हाच तो गुन्हा. चिठ्ठी वाचणं वाईटच, पण ते भरसभेत होतं, कुणीतरी कधीतरी तिला सांगितलंही असतं. हे वाक्य मात्र फक्त तिला आणि मला माहीत. त्या वाक्यात मी सानिकाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती.

ईश्वरीने सभासदकार्ड टेबलावर ठेवलं आणि गेली. पुन्हा आली नाही. सानिका पुढे महिनाभर एकटी येत होती. सतरंजीवर भिंतीला पाठ लावून बसायची. एकदा तिने विचारलं, “ताई, ईश्वरी आजारी आहे का? शाळेत जागा बदलून घेतलीये तिने.” मला माहीत नाही, म्हटलं. मग तीही यायची थांबली. पेटी मी त्या दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकली. मुलांचा प्रतिसाद नाही, असं कारण दिलं.

याला नऊ वर्षं झाली.

यंदा जूनमध्ये सानिका आली. आधी ओळखलंच नाही. हडपसरच्या एका शाळेत शिकवते. शाळेत नवं ग्रंथालय सुरू करायचंय, म्हणून बाल-कुमार पुस्तकांची यादी घेऊन आली होती. बोलणं तसंच, धबधबा. “ताई, प्रिन्सिपल म्हणाल्या ऑनलाइन रेटिंग बघून मागवून टाक. मी म्हटलं, मॅडम, नो वे, माझ्या ताई आहेत, त्या प्रत्येक पुस्तक पूर्ण वाचतात. तुम्ही फक्त वाचलेल्यांवर टिक करा, बाकी मी उडवते.”

मी पेन घेतलं. यादी वरून खाली गेले. सगळ्यांवर खूण केली.

निळं पुस्तक यादीत होतंच. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “हे ईश्वरीचं फेव्हरेट. आठवते ना ईश्वरी? तिने त्या वर्षी माझ्याशी बोलणं बंद केलं ते केलंच. मी तिच्या घरी गेले होते, दार नाही उघडलं. ताई, मी अजून कधी कधी बसमध्ये विचार करते, मी केलं काय?”

नऊ वर्षांनी प्रश्न माझ्या टेबलापर्यंत चालत आला होता. मी म्हटलं, “त्या वयात होतं असं. तू चहा घेणार का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी मी ते पुस्तक वाचलं. तीन तास लागले. आई परत येत नाही. अध्यक्षांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

मग मी हे लिहायला घेतलं. लिहून झालं ते सानिकाला चहा विचारला त्या ओळीपर्यंत, आणि छापायला देण्याआधी कागद घेऊन हडपसरला तिच्या शाळेत गेले. मधली सुट्टी होती. तिने व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचलं. एक मुलगी मध्येच “टीचर, टीचर” करत आली, तिला हाताने थांबवलं. शेवटचं पान वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्याकडे गेली. मग तिने एकच विचारलं, “परवा मी विचारलं तेव्हा तुम्हाला हे सगळं माहीत होतं?”

“हो,” म्हटलं.

तिने कागदांचे फोटो काढले. ईश्वरीला पाठवते म्हणाली, नंबर तोच असेल तर. छापायचं की नाही, ते तिचं उत्तर येईल तसं. उत्तर आठ दिवसांनी आलं. सानिकाने ते मला जसंच्या तसं कळवलं: ‘नावं बदलली आहेत ना, मग छापू देत. मला त्यांच्याशी बोलायचं नाही.’ त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्या दिवशी व्हरांड्यात घंटा झाली, तेव्हा सानिकाने पर्समधून ती यादी काढली – माझ्या खुणांची – आणि माझ्या हातात दिली. “ही ठेवा तुमच्याकडे, ताई. मी स्वतः वाचून ठरवते.” आणि वर्गात गेली.

यादीत एकेचाळीस पुस्तकं आहेत. त्यांतली सव्वीस मी वाचलेली आहेत.