जुन्या विमानाचा नंबर

फाईल बंद झाली तरी काही प्रकरणं डोक्यातून जात नाहीत. सोलापुरातलं ते जुन्या विमानाचं प्रकरण आठवलं, की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मे महिन्यातली दुपार होती. आमच्या पोलीस ठाण्यात एक म्हातारा मिस्त्री आला. टेंभुर्णीकडच्या एका मोठ्या ट्रकमालकाकडे तो उभा जन्म गाड्या दुरुस्त करत होता. मालकानं परदेशातून चौदा आसनांचं वापरलेलं खासगी विमान घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कुटुंब त्यातून तिरुपतीला निघणार होतं. आपल्याकडे माणूस एक चादर घ्यायला चार दुकानं फिरतो. या मालकानं विमान मात्र पुतण्याच्या भरवशावर घेतलं. पुतण्या शिकलेला, व्यवहार त्यानंच एका दलालामार्फत जुळवलेला.

मिस्त्रीनं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"साहेब, जुना ट्रक घेताना आमी इंजिनावर कोरलेल्या नंबरावर कागद ठिवून पेन्सिल घासतो. नंबर कागदावर उठतो. विमान बगायला गेलो तवा इंजिनाचा बी घेतला. लोक हसले. पन कागदपत्रात नंबर दुसराच हाय."

"मालकांना सांगितलं का?"

"व्हय. पुतन्या म्हनला, टायपिंगची चूक हाय. मालक म्हनले, मिस्त्री, ह्यो काय ट्रक न्हाय."

खरं सांगतो, मला वाटलं, दलालीत वाटा मिळाला नाही म्हणून म्हातारा कुरकुरतोय. स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्याला बाहेर बाकावर बसवलं. तो दोन तास तसाच बसून राहिला, पाणीसुद्धा मागितलं नाही. खोटी तक्रार घेऊन आलेला माणूस इतका वेळ गप्प बसत नाही, हे मला उशिरा सुचलं. मग मी विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना तो नंबर कळवला. त्यांनी इंजिन बनवणाऱ्यांकडे विचारणा केली. संध्याकाळी उत्तर आलं. या नंबराच्या इंजिनाचं आयुष्य कधीच संपलं होतं, ते भंगारात जायला हवं होतं. अधिकाऱ्यांनी ताबडतोब उड्डाण रोखलं.

पुतण्याला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. मी त्याला चहा दिला. दलालानं आम्हा सगळ्यांनाच फसवलं, असं तो अर्धा तास न अडखळता सांगत होता, आणि ते पटण्यासारखंही होतं. तेवढ्यात आमच्या हवालदारानं विमानतळावरून प्रवाशांची यादी आणली. चौदा नावांपैकी चार नावं त्याच दिवशी सकाळी खोडली होती: पुतण्या स्वतः, त्याची बायको आणि दोन मुलं.

"तुम्ही का जात नव्हता?"

"मुलांची परीक्षा आहे, साहेब."

"मे महिन्याच्या सुट्टीत?"

त्यानं चहाचा कप बाजूला सारला. म्हणाला, "दलाल म्हणाला होता, चार-सहा फेऱ्या सहज होतील. मग इंजिन बदलून घेऊ."

खून करून शांतपणे जेवायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पण या उत्तरानं मी हादरलो. दलालाला आम्ही नंतर पकडलं, पण त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. तो परका होता.

मालक आले. त्यांना पुतण्याचा जबाब वाचून दाखवला, दलालाकडून त्यानं घेतलेल्या पैशांसकट. विमानाचं, पैशाचं त्यांनी काही विचारलं नाही. पुतण्यासमोर जाऊन म्हणाले, "माज्या नातीचं नाव तरी खोडायचं हुतं की रे. तुज्याच मांडीवर खेळती न्हवं ती?"



माणूस बोलण्यावरून ओळखतो, असा मला गर्व होता. तो त्या दिवशी उतरला. मिस्त्रीची मी माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "असू द्या साहेब. पोरं वाचली न्हवं."

त्यानं सोडून दिलं, मला अजून जमलेलं नाही. उड्डाण दुसऱ्या दिवशी होतं म्हणून निभावलं. त्याच दुपारी असतं, तर माझा त्याच्यावर विश्वास बसेपर्यंत ती दहा माणसं निघून गेली असती.