डाव्या बाजूची भिंत

उचगावात अमीरबीचं बकऱ्याच्या मुंडी-पायाचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून, म्हणजे एकवीस वर्षं, सुरी तिच्याच हातात. त्यामुळं डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून सांगितलं, की बीपीनं तुमच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालीय, तेव्हा तिला आधी हसू आलं. डावी बाजू जाडच असते. बकऱ्यांची हजारो हृदयं तिनं चिरली होती, एकाचीही डावी भिंत पातळ निघाली नव्हती. मग हा माणूस चांगल्या गोष्टीला रोग का म्हणतोय?

उत्तर तिला दवाखान्याच्या पायरीवरच सापडलं. मुलगा फराज दोन वर्षं मागं लागला होता की दुकान बंद कर, तिथं मी मोबाईल दुरुस्तीचं टाकतो. दवाखाना त्यानंच शोधलेला. डॉक्टर बोलताना तिच्याकडं कमी आणि फराजकडं जास्त बघत होते. शेवटी दगदग कमी करा म्हणाले, तर फराजनं लगेच मान डोलावली.

दोघं मिळालेले आहेत असं धरून तिनं बीपीच्या गोळ्या मसाल्याच्या डब्यामागं सारल्या. फराजचा फोन वाजला की ती कान देऊ लागली. त्यानं स्वतःहून चहा केला तरी, आजच का, असं तिच्या मनात येई. दम मात्र वाढत चालला. पाण्याची बादली उचलून मोरीपर्यंत जाताना दोनदा टेकावं लागे.

कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या क्रांतीबाई प्रात्यक्षिकासाठी दर वर्षी तिच्याकडून हृदयं न्यायच्या. त्या आल्या, तेव्हा अमीरबीनं एक हृदय फळीवर उभं चिरून त्यांच्यापुढं सरकवलं.

"बाई, खरं सांगा. ही भिंत जाडच असती की न्हाय?"

असते, म्हणाल्या. उजवा कप्पा रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलतो, त्याला पातळ भिंत पुरते. डाव्याला ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं. बाईंनी झडपेच्या पडद्यांना धरणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या बोटानं उचलून दाखवल्या. रक्त जोरानं ढकललं जाताना पडदे उलटू नयेत म्हणून त्या असतात. इतकी वर्षं अमीरबीनं त्या कापून टाकल्या होत्या, कशाला असतात हे कधी विचारलंच नव्हतं.

"पण बीपी वाढलं की त्या भिंतीला रोज जादा जोर लावावा लागतो, मावशी. मग ती हवी त्यापेक्षा जाड होते, कडक होते. रक्त आत घ्यायला नीट सैल होत नाही. त्यानं दम लागतो."

पटत होतं, म्हणूनच अमीरबीला आणखी शंका आली. फराज यांच्याच कॉलेजात शिकलेला.

"फराज भेटलावता काय तुमास्नी?"

प्रश्नाचा रोख बाईंच्या ध्यानात आला. रागावल्या नाहीत. दुसरीकडं तपासायचं का, एवढंच त्यांनी विचारलं. अमीरबीनं अट घातली, की पहिल्या दवाखान्याचा कागद दाखवायचा नाही आणि फराजला कळवायचं नाही.

दोन दिवसांनी दोघी शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. पडद्यावर झडपा उघडमीट करत होत्या. अमीरबीनं दोऱ्या दाखवायला लावल्या आणि भिंत दोनदा मोजून घेतली. दोन्ही वेळा पंधरा मिलिमीटर. घरच्या कागदावरही पंधराच होते. निरोगी माणसाची दहा मिलिमीटरच्या आसपास असते, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

संध्याकाळी तिनं फराजसमोर गोळी घेतली आणि त्याच्यावर संशय घेतल्याचं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "डब्यामागं गोळ्या तशाच हुत्या की. दुकान बंद करावं असं मला आजबी वाटतंय, अम्मी. पर त्यासाठी डॉक्टर फितवीन व्हय मी?"

वर्षभरात भिंत तेरावर आली. दुकान आता ती दुपारी बंद करते, बादल्या फराज उचलतो. त्या जागेवरून मात्र दोघांचं अजून जमलेलं नाही.