काशीरामचं वर्षभराचं बागकाम

पनवेलात कुणाच्या दारचा गुलाब रुसला, कुणाची पपई वाकली, की काशीरामला हाक जायची. तो खाडीकडच्या गावातला आगरी. दिवसभर मिठागरात राबायचा आणि उरलेल्या वेळात लोकांची झाडं जगवत फिरायचा. मोबदला म्हणाल तर एक कप चहा. आमच्याकडे तर तोही कधी कधी गार मिळे. फुकट ते पौष्टिक, हा आम्हा पनवेलकरांचा जुना बाणा.

त्याची एकुलती एक लेक वेणू पहिल्याच बाळंतपणात अडली. पनवेलात तेव्हा बायकांचा दवाखाना नव्हता. बैलगाडीतून ठाण्याला नेताना कळंबोलीच्या पुढं ती गेली आणि गाडीतच जन्मलेलं तिचं बाळही गेलं. त्यानंतरही काशीराम लोकांच्या झाडांना पाणी घालत राहिला.

पुढं सन पंचावन्नच्या सुमारास गावानं प्रसूतिगृह बांधायचं मनावर घेतलं. वर्गणी पुरेना, म्हणून गणपतीच्या मांडवात लिलाव ठेवला. ज्यानं त्यानं आपल्याकडची वस्तू द्यायची आणि ती बोली लावून विकायची. कुणी समई दिली, कुणी तांदळाचं पोतं. काशीराम रिकाम्या हातांनी आला.

"माझेकडं द्यायला कायच नाय," तो म्हणाला. "जो बोली लावंल त्याची बाग वरीसभर करून देईन."

मंडळाचे चिटणीस महादेवराव यांनी तसं कागदावर लिहून खाली शिक्का मारला. तो कागद विकला जावा, वेणूच्या नावानं दवाखान्याला एक तरी वीट लागावी, एवढीच काशीरामची इच्छा होती.

समई गेली, तांदूळ गेले, एक मेला भोपळासुद्धा चढाओढीनं गेला. मग महादेवरावांनी तो कागद वर धरला. कुणी बोली लावीना.

"अहो, काशीराम तसाही येतोच की!" मागून कुणीतरी म्हणालं आणि मांडव हसला. आमचे वडीलही हसले. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती हीच. त्या प्रतिष्ठित मंडळींचा मला आजही राग येतो. काशीराम खाली मान घालून उभा होता. महादेवराव कागदाची घडी करून त्याला परत देऊ लागले.

"थांबा. तो कागूद मना द्या," बायकांच्या बाजूनं आवाज आला. ती हौसा, काशीरामची बायको. तिनं पदराची गाठ सोडून चांदीचे दोन इवलेसे वाळे पुढं ठेवले. नातवंडाच्या पायात घालायला केलेले.

"हौसाबाई, तुमच्याकडे बाग कुठंय?" महादेवरावांनी विचारलं.

ती नवऱ्याकडे बघून बोलली, "गाढी नदीचे काठाला आपला नातू पुरलाय. तुमी सगल्यांचे दारात जाता, तकडं एक डाव पन गेला नाय. आता मी बोली लावलीय. तकडं जा."

या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नदीवर गेली. पुढचं हौसानंच आमच्या आईला सांगितलं. काशीरामनं जास्वंदीचं रोप आणलं होतं. त्यानं गवत उपटलं, दगड बाजूला केले, कुदळ उचलली आणि तशीच खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"अवो, खना की," हौसा म्हणाली.

"नको गं," तो म्हणाला. "लागंल त्याला."