फाटक आणि जीपचा धोंडा

जावई म्हणतो, मामा, लिहून काढा. म्हणलं, बाबा, चौथीत शाळा सोडलेला माणूस मी, काय लिहिणार? तर म्हणे, जसं बोलता तसं लिहा. न्हाई म्हणलं तर लेक रुसते. घ्या मग.

माझा जन्म गेला रेल्वेच्या फाटकावर गेटमन म्हणून, हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडं जाताना, छोटी लाईन होती तवापासून. तिथं किस्से शोधावे लागत न्हाईत. फाटक लागलं की लोक थांबतात, अन् थांबले की डोकं चालवतात. तिथंच घात होतो.

* * *

फाटक लागलेलं असलं तरी लोक आडव्या दांड्याखालून वाकून जायचे. मोळीवाल्या बाया, सायकलवाले, सगळेच. बोलून बोलून माझा घसा गेला.

एकदा चौघं जण बाजेवर आजारी माणूस घालून आले. दवाखान्यात न्यायचं होतं. दांड्याखालून बाज काही जाईना. तिरपी केली, आडवी केली, तरी न्हाई. मी वरडून राहिलो, गाडी येऊन राहिली, थांबा.

तेवढ्यात आजारी माणूसच बाजेवरून उतरला. दांड्याखालून वाकून गेला, रूळ वलांडले, पलीकडच्या दांड्याखालून निघाला अन् रस्त्याच्या कडंला आडवा झाला. तिथून कण्हत म्हणाला, “आता आना बाज.”

* * *

त्याच्यावरही ताण म्हणजे एक लग्न. आमच्याकडं नवरदेव आला की त्याला गावच्या शिवेवर गाठून, पाटावर बसवून पाय धुतात. त्या नवरीच्या गावची शीव म्हणजे आमची रेल्वे लाईन. गाडी सुटल्याचा फोन घेऊन मी केबिनबाहेर आलो, बघतो तर पाट मांडलेला. कुठं? बराबर दोन रुळांच्या मधी. वर नवरदेव बसलेला, बाशिंग बांधून.

धावतच गेलो. म्हणलं, उठवा त्याला. तर नवरीकडचा एक म्हातारा म्हणतो, मांडलेला पाट हलवत न्हाईत, अपशकुन होतो.

“अन् नवरदेव कापला गेला तर शकुन व्हय?”

शेवटी बँडवाल्यांना हाताशी धरून नवरदेवासकट पाट उचलला. मागून गाडी धाडधाड गेली. त्याचं कुणाला काही न्हाई. म्हातारा माझ्यावरच तणतणला, म्हणे एकच पाय धुवून झाला होता.

* * *

एका ट्रकनं दांडा मोडला. नवा येईपर्यंत मी रस्त्यावर साखळी ताणायचो, मधी लाल कापड बांधून. दुसऱ्या दिवशी बघतो तर कापडाला हळदीकुंकू! खाली नारळ फोडलेला. कुणीतरी बोललं असंल की इथं देवी बसली.

खरं सांगतो, तेवढेच दिवस माझ्या फाटकावर एक माणूस वाकून गेला न्हाई. हात जोडून उभे राहायचे. नवा दांडा आला अन् पुन्हा ये माझ्या मागल्या.

* * *

आता सुदामा. साखरा गावचा, काळी-पिवळी जीप चालवायचा. जीपला हँडब्रेक नव्हता. त्याच्या बदली एक धोंडा होता. सुदामाच्या उजव्या अंगाला, अर्धा बाहेर लटकून, जो बसंल त्याच्या मांडीवर तो धोंडा. जीप थांबली की त्यानं उडी मारायची अन् टायराखाली लावायचा. सवारीनंच! अन् लोक आनंदानं करायचे, पुढची जागा मिळते म्हणून.

एकदा धोंडा फाटकापाशीच राहिला. मी दांडा खाली घेऊन राहिलो, तर हा पठ्ठ्या पलीकडून उलटा रिव्हर्स आला, रुळावरून, धोंडा न्यायला. म्हणे, “असा बराबर बसणारा धोंडा पुन्हा भेटत न्हाई.”

* * *

तवापासून मी ठरवलं, सुदामाची जीप दिसली की गाडी लांब असली तरी दांडा खाली.

एका दुपारी असंच केलं. जीपमधी त्याची म्हातारी आई होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हिंगोलीला ऑपरेशनला चालली होती. सुदामा तणतणत उतरला. “कुठं हाय गाडी? दाखव मला!” म्हणला अन् दिली माझ्या कानाखाली. वर गचांडी धरली.

भांडण बघायला सगळ्या सवाऱ्या उतरल्या. धोंडावालाही आला, धोंडा पोटाशी धरून, टक लावून बघत.

जीपमधी राहिली एकटी म्हातारी. अन् फाटकाकडं रस्त्याला उतार.

माझी मान सुदामाच्या मुठीत, तोंड जीपकडं. मी म्हणतो, “जीप... जीप...” तो म्हणतो, “इषय बदलू नको!”

जीप घरंगळत आली अन् दांड्यावर आदळली. काच फुटली. दांडा धनुष्यासारखा वाकला, पण तुटला न्हाई. तेवढ्यात शिट्टी झाली अन् जीपच्या नाकासमोरून सगळी गाडी गेली, एक एक डबा. सुदामा तिथंच मातीत बसला.

धूळ खाली बसली. म्हातारी मांडीवरचं गाठोडं सावरत म्हणाली, “सुदामा, हिंगोली आली का रं?”

सुदामा उठला. धोंडावाल्याच्या हातातून धोंडा घेतला, टायराखाली लावला अन् माझ्याकडं बघून म्हणाला, “काच फोडली न्हवं तुझ्या फाटकानं!”

त्या कानाखालीची माफी अजून यायची हाय, साखऱ्याच्या सुदामाकडून.