थंड पडलेली कास

आईची म्हैस पहिलटकरीण होती. वडील गेल्यापासून धुळ्याजवळच्या आमच्या गावी आई आणि ती म्हैस, एवढंच घर. मी जळगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. सुटी मिळाली की जाते.

म्हैस व्याली की चीक संपेपर्यंत तिची कास परक्याला दाखवायची नाही, दृष्ट लागते, हे आईचं पक्कं. गोठ्याच्या दाराला तिनं जुनं लुगडं बांधलं होतं. जनावरांचे डॉक्टर शेजारच्या घरी आले होते. म्हैस व्याल्याचं कळल्यावर आपण होऊन चौकशीला आले, तर आईनं चहा पाजून त्यांना ओट्यावरूनच वाटेला लावलं. कास तेव्हाच सुजलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पोचले. लेकीची दृष्ट लागत नाही, म्हणून मला आत सोडलं. कासेचा एक भाग निळसर दिसला, हाताला थंडगार लागला. रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. कासेत जंतू शिरले की हे अस्तर थोडं सैल होतं आणि रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना बाहेर सोडतं. सूज येते ती त्यामुळेच. पण जंतूंचं विष फार वाढलं की अस्तरच निकामी होतं, रक्त जागच्या जागी गोठतं आणि तेवढं मांस जितेपणी मरतं. ही आकृती मी कितीदा फळ्यावर काढलीय. आता ती हाताखाली होती आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. मी आईवर तोंड सोडलं, मग डॉक्टरांना फोन लावला. आई गरम फडक्यानं शेकत राहिली. उपयोग नाही, हे ठाऊक असून मीही दुसरं फडकं पिळलं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी म्हैस गेली. निघताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, काल बघू दिली असती तर बरीच आशा होती.

आई म्हशीच्या मागे राहिलेल्या पारडीला बाटलीनं दूध पाजत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काल दखाडी ऱ्हाती ते वाचती का?"

खरं बोलायची माझी छाती होईना. नाही आई, काल दाखवली असती तरी वाचली नसती, असं म्हणाले.

तिचा चेहरा जरा सैलावला. पारडीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "मंग हाई व्याई तवय बी मी कोनले दखाडाव नही."

म्हणजे उद्या ही पारडी व्याली तरी ती कुणाला दाखवणार नव्हती. मी तिच्याजवळ खाली बसले आणि तिला खरं ते सांगितलं.